ताईच्या घराचं वेळापत्रक

माणूस गुहेतून बाहेर पडला, तेव्हा त्याने दोनच खरे शोध लावले. एक दार आणि दुसरं कुलूप. आग, चाक, शेती, छपाई ही सगळी मागाहून आलेली किरकोळ मंडळी. आगीवर अन्न शिजलं, चाकावर माल हलला, पण 'हे माझं आहे' असं ठणकावून म्हणायची सोय झाली ती कुलपामुळे, आणि संस्कृती म्हणतात ती हीच. हा विचार मला सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुचला. त्या वेळी मी बहिणीच्या घराबाहेर दुधाची पिशवी घेऊन घरच्या कपड्यांत उभा होतो, दार माझ्या पाठीमागे आपोआप लागलं होतं आणि किल्ली आत ओट्यावर होती.

घराची राखण माझ्याकडे आली त्याचा तो पहिला दिवस.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी सहासष्ट वर्षांचा आहे, पण तिच्या तोंडी माझं नाव अजून 'छोट्या'च. गल्लीच्या तोंडाशी तिचं बैठं घर आहे. तीन खोल्या, मागे न्हाणीघर आणि हातभर अंगण. भावोजी गेल्यापासून तिथे ती एकटीच राहते. मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि तिच्याकडून बोलणी खायला रोज जातो. तिचा मुलगा दूरच्या शहरात, सातव्या मजल्यावर. मुलगा नावं ठेवायला जागा नाही असा. आईच्या काळजीने त्याचे केस माझ्याआधी पांढरे झाले.

त्यातच मागच्या गल्लीत एका महिन्यात दोन घरं फुटली, तीही भरदिवसा. ते भाच्याच्या कानावर गेलं आणि त्याने आईला सांगितलं, "आता बस झालं. घर विकू, तू माझ्याकडे ये." ताई नाही म्हणाली. तो रडकुंडीला आला. शेवटी दोघांचा करार झाला. ताईने महिनाभर त्याच्याकडे राहायचं. तेवढ्या महिन्यात बंद घराला काही झालं नाही, तर ती परत येणार आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. काही झालं, तर घर विकायचं आणि ती कायमची तिकडे. करार फोनवर झाला आणि जामीनदार म्हणून माझं नाव त्यात परस्पर घालण्यात आलं.

निघताना ताईने माझा दंड धरला. "छोट्या, घर सांभाळ. मला परत यायचंय."

ताई मला हुकूम सोडते, टोमणे मारते, कधीकधी कानही धरते. पण मागत काही नाही. त्यामुळे मी जरा हबकलोच.

तर सात चाळीसला मी बाहेर आणि किल्ली आत. शेजारच्या खिडकीत शिंपीणबाईचं मशीन थांबलं. तोंडातल्या टाचण्या न काढता तिने विचारलं, "किल्ली आत राहिली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या ताई पण अश्शाच उभ्या राहतात. मागे जा. न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत ना, त्या सरकवून निघतात. वरून तिसरी आधी काढा, ती ढिली आहे. मग बाकीच्या आपोआप येतात."

"पण हे सगळं तुम्हाला..."

"मलाच काय, सगळ्यांनाच माहीत आहे. महिन्यातून दोनदा जावं लागतं तिथून."

मी मागे गेलो. माझ्यामागून दूधवाला आला, त्याच्यामागून पोस्टमन, आणि फिरायला निघालेले दोन अनोळखी सज्जनही थांबले. पोस्टमनने पायाला हात दिला, दूधवाल्याने काचा धरल्या, सज्जनांनी सूचना केल्या. मी आत पडलो तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या. ह्या घरात कसं शिरायचं हे ज्या चार-दोन लोकांना ठाऊक नव्हतं, त्यांचीही अडचण मी पहिल्याच सकाळी दूर केली.

नऊ वाजता हवालदार आले. हे गल्लीतच राहतात. तीस वर्षं घरफोड्यांच्या तपासात काढून निवृत्त झाले आहेत, पण घर बघितलं की अजून त्यांचे डोळे आधी खिडक्यांवर जातात.

"तुम्ही काय समजता," खुर्चीवर बसत ते म्हणाले, "चोर म्हणजे तोंड बांधून छपरावरून उतरणारा?"

"मग?"

"इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, सकाळचे अकरा. कमावती माणसं कामावर, पोरं शाळेत, म्हातारी दवाखान्याच्या रांगेत. हा शांतपणे बेल वाजवतो. दार उघडलं, तर 'सुतारकाका इथेच राहतात का?' असं विचारून सुटतो. नाही उघडलं, तर मागच्या बाजूला जातो."

"पण घर रिकामं आहे हे त्याला कळतं कसं?"

"आधी तीन दिवस बघून जातो. दाराच्या फटीत जाहिरातीचा कागद खोचून ठेवतो. तिसऱ्या दिवशी कागद तिथेच दिसला, घर रिकामं. दोरीवर टॉवेल तोच, रिकामं. पडदा जिथल्या तिथे, रिकामं. मग आत शिरतो. मोजून दहा मिनिटं थांबतो. आधी झोपायची खोली, कपाट, गादीखाली, आणि शेवटी पिठाचा डबा."

माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली.

"पिठाच्या डब्यात काय आहे?" हवालदारांनी विचारलं.

"ताईच्या बांगड्या."

"आणि जादा किल्ली कुंडीखाली?"

"छे! पायपुसण्याखाली. सकाळी तीच आत ओट्यावर राहिली होती."

हवालदारांनी डोळे मिटून घेतले. मग उठून बाही वर करून त्यांनी स्वतः बांगड्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि बँकेच्या दिशेने बोट दाखवून 'लॉकर' एवढंच म्हणाले. जाताजाता म्हणाले, "चोर कुलपाला भीत नाही. वेळ लागला, आवाज झाला किंवा कोणी बघितलं, की तो पळतो. आणि घरात माणूस असेल तिथे तो फिरकतच नाही. तेव्हा घर जागतं ठेवा. बस."

हे वाक्य त्यांनी माझ्यापुढे उच्चारायला नको होतं. मी छत्तीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात काढली आहेत.

त्याच दुपारी मी पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसलो. ७.१०, पुढचा पडदा उघडणे. ७.२५, दूध आत. ८.०० ते ८.४०, रेडिओ. ९.१५, कपडे वाळत घालणे (सोम-बुध-शुक्र निळा गाऊन, इतर दिवशी फुलांचा). १०.३०, फोनवर मोठ्याने भांडणे, दोन मिनिटं. हे शेवटचं फार विचारपूर्वक घातलं होतं. ताईच्या घरातून दिवसभरात एकदाही चढा आवाज आला नाही, तर मुंगीलासुद्धा संशय येईल. मी जन्मात कोणाशी भांडलेलो नाही. पहिले चार दिवस मला नुसता खोकला आला. पाचव्या दिवशी बंद फोनवर एका काल्पनिक गॅसवाल्याला मी असा फैलावर घेतला, की शिंपीणबाईने खिडकीतून विचारलं, "ताई आल्या वाटतं?"

११.१०, प्रस्थान. ३.४०, आगमन. मधला वेळ जेवण आणि वामकुक्षी. अकराचा धोका हवालदारांनी सांगितला होता, हे मला आठवत होतं. पण डेपोत पाळी अकरा दहालाच बदलायची, आणि छत्तीस वर्षांच्या जेवणाची वेळ एका चोरासाठी बदलणं मला तत्त्वाला धरून वाटलं नाही.

आणखी एक. प्रवाशांना दिसेल असं लावलेलं नाही, ते वेळापत्रक लागू नाही, हा आमच्या विभागाचा पहिला नियम. म्हणून एक प्रत मी फ्रिजवर चिकटवली आणि दुसरी शिंपीणबाईला दिली. मी आजारी पडलो तर गाऊन कोण वाळत घालणार? तिने ती दुकानाच्या भिंतीवर मापांच्या चिठ्ठ्यांशेजारी टाचली. गिऱ्हाइकं कपडे शिवून होईपर्यंत वाचायची. दुसऱ्या आठवड्यात एक अनोळखी बाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "आज पडदा चार मिनिटं लेट होता." निवृत्तीनंतर इतकं भरून यायचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

ताईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. सातव्या मजल्यावर दाराला तीन कुलपं होती, वर कॅमेरा होता आणि खाली पहारेकरी होता.

"तो मला रोज नाव विचारतो," ताई म्हणाली.

"रोज?"

"रोज. मग मीही त्याला रोज त्याचं विचारते. त्याला आवडत नाही."

"बाकी कसं आहे?"

"छान आहे. इथून ढग फार जवळ दिसतात." आणि लगेच, "दाराला कागद नाही ना लावला कोणी?"

"नाही."

"शिंपीण काय शिवतेय?"

असं करत सव्वीस दिवस निघाले. सत्ताविसाव्या दिवशी ११.१० ला माझं प्रस्थान झालं आणि मी कोपऱ्यावर पोचतो तोच फोन वाजला. ताई सकाळी कधी फोन करत नाही.

"छोट्या, घरात आहेस?"

"प्रस्थान झालं."

"परत जा."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. स्वयंपाकघराची खिडकी उघड आणि फोन बाहेर धर. शिंपिणीच्या मशीनचा आवाज ऐकायचाय."

"ताई, आता ३.४० शिवाय..."

"छोट्या."

एवढंच म्हणाली. पण असं ती म्हणाली की त्यापुढे बोलायची माझी सहा वर्षांचा असल्यापासून प्राज्ञा नाही. मी फोन तसाच चालू ठेवून मागे वळलो आणि ११.१९ ला दार उघडून स्वयंपाकघरात गेलो.

तिथे एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायाशी पिशवी. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ओट्याजवळच्या नळातून एक थेंब पडला.

"नळ," तो म्हणाला. "नळ दुरुस्तीला आलोय. बाईंनी पाठवलं."

"असं होय!" मला हायसं वाटलं. त्या नळाचं टपटप मी सव्वीस दिवस ऐकत होतो. "पण हाताला हे पीठ कसलं?"

"पकड... पकड घट्ट बसावी म्हणून."

प्रत्येक धंद्याची आपली रीत असते. आमच्याकडे पिवळं पेन फक्त सुट्टीच्या दिवसांसाठी वापरायचे. मी मान डोलावली आणि त्याला धीर यावा म्हणून म्हणालो, "बरं झालं. बाई आत्ता फोनवरच आहेत." फोनचा आवाज मोठा करून मी तो मध्ये धरला. "ताई, तू नळवाला पाठवलास का? तो आलाय. आत उभा आहे."

आता त्याचा चेहराही हातासारखाच पांढरा झाला.

फोनमधून सातव्या मजल्यावरच्या फ्रिजची घरघर तेवढी ऐकू आली. मग ताई बोलली.

"हो. मीच पाठवलाय. केवढा उशीर केला त्याने! दे त्याला फोन."

त्याने फोन निखारा धरावा तसा दोन बोटांत धरला.

"काय हो, तीन वर्षं गळतोय तो नळ, आणि आज उगवताय?"

"चुकलं, बाई."

"हत्यारं आणलीत?"

त्याने पिशवीत बघितलं. मीही बघितलं. पाना होता, पक्कड होती, बारीकमोठे पेचकस होते, वर एक छोटी पहारही होती. इतक्या जय्यत तयारीचा नळवाला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आणलीत."

"मग बसा खाली. ओट्याखाली मुख्य कॉक आहे, तो आधी बंद करा. छोट्या, तू टॉर्च धर. आणि फोन ठेवायचा नाही. ओट्यावर राहू दे. मी ऐकतेय."

पुढची अठ्ठावीस मिनिटं मी टॉर्च धरून उभा होतो. कारागीर नवशिका असावा. कॉक बंद करायच्या ऐवजी त्याने आधी नळच खोलला आणि आम्ही दोघंही भिजलो. त्याला वॉशर कुठली ते कळेना. ताईने फोनवरून सांगितलं, वरच्या खणात, रबरबँडच्या डबीत, जाड ती. भावोजी असताना ती त्यांच्या डोक्यावर उभी राहून हे काम करवून घ्यायची, त्यामुळे तिला तो नळ आतून-बाहेरून पाठ आहे.

"डावीकडे फिरवा. डावीकडे! तुमचं डावं."

"फिरत नाही, बाई."

"जेवला नाहीत का सकाळी? जोर लावा."

त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मी रुमाल दिला.

"घरी कोण असतं तुमच्या?" ताईने विचारलं.

"आई."

"म्हातारी?"

"हो."

"तिच्याकडचा नळ गळतो का?"

तो थांबला. पाना हातातच राहिला. "गळतो," तो हळूच म्हणाला.

"मग आता शिकलात. आज घरी गेलात की आधी तो करायचा. कळलं?"

"हो, बाई."

शेवटी त्याने कॉक उघडला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थेंब नाही. मी तसं ताईला कळवलं.

"बरं. चहाबिहा पाजत बसू नकोस. पुढच्या दाराने पाठव, दार लाव, आतून कडी घाल, आणि मग मला सांग."

घाम गाळलेल्या माणसाला असं वाटेला लावणं मला जरा तुसडेपणाचं वाटलं. दारापर्यंत जाऊन मी ताईच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली आणि मजुरीचं विचारलं. "नको, नको, साहेब," असं म्हणत तो जो निघाला तो कोपऱ्यापर्यंत मागे वळून न बघता गेला. हल्ली इतकी निरपेक्ष माणसं कुठे भेटतात, असं माझ्या मनात आलं.

"कडी घातलीस?"

"घातली."

"आता खुर्चीवर बस."

"का?"

"बस तर."

मी बसलो.

"मी कोणालाही पाठवलं नव्हतं," ताई म्हणाली.

भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं, पण किती वाजले ते मला वाचता येईना. हातातला टॉर्च अजून चालू होता.

"मग तू त्याला... अर्धा तास..."

"तू एकटा होतास ना तिथे! 'मी कोणाला पाठवलं नाही' असं म्हटलं असतं, तर त्याने काय केलं असतं तुझं? हाताला काम दिलं की माणूस आधी ते काम करतो. तुझे भावोजी चिडले की मी त्यांनाही काहीतरी दुरुस्त करायला द्यायचे." तिने घसा खाकरला. "हे पोराला कळता कामा नये. नाहीतर गेलंच म्हण घर."

"नाही सांगणार."

"आणि आता ती खिडकी उघड."

मी स्वयंपाकघराची खिडकी उघडून फोन बाहेर धरला. शिंपीणबाईचं मशीन चालू होतं. लांब शिवण असावी, बराच वेळ न थांबता चाललं होतं. माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली घेतला नाही.

संध्याकाळी शिंपीणबाईला मी सहज विचारलं, कोणी नवीन गिऱ्हाईक? ती म्हणाली, "आलाय ना एक. पँटची शिवण उसवली म्हणून देऊन गेला. रोज येऊन 'झाली का' विचारायचा आणि भिंतीजवळ उभा राहायचा. वाचनाची फार आवड त्याला." मी भिंतीवरून माझं वेळापत्रक काढलं आणि चार घड्या घालून खिशात ठेवलं.

तिसाव्या दिवशी भाचा ताईला घेऊन आला. येतानाच त्याने हवालदारांना बरोबर घेतलं होतं. करार म्हणजे करार, तपासणी व्हायलाच हवी. मी दारात उभा राहून हसण्याचा प्रयत्न केला. ताई माझ्याकडे न बघता आत गेली आणि थेट नळाकडे बघू लागली.

हवालदारांनी खोल्या पाहिल्या. न्हाणीघरात ते जास्त वेळ थांबले.

"ही वरून तिसरी काच उलटी बसलीय," ते तिथूनच म्हणाले.

"मीच बसवली असेल. पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

"तुमच्या बोटांवर महिन्याभराची धूळ बसली असती. ही बोटं ताजी आहेत." मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि ओट्याखाली वाकून कपाटाच्या दाराच्या कडेला उमटलेला पिठाचा पंजा बघितला. "मामासाहेब, इथे माणूस येऊन गेलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांत एकाही गाडीचा उशीर मी लपवला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. वेळापत्रक, भिंत, पीठ, पाना, वॉशर. माझं सांगून होईपर्यंत भाच्याचं तोंड उघडंच होतं.

"आई! घरात चोर होता आणि तू त्याला वॉशर बदलायला लावलंस?"

"तीन वर्षं गळत होता नळ. तुला दर वेळी सांगत होते."

"आपला करार काय होता?"

"घराला काही होऊ नये असा. काय झालंय घराला? उलट नळ सुधारला."

"आणि मामाला काही झालं असतं म्हणजे?"

ओट्याची कड धरून ताई म्हणाली, "म्हणून तर फोन ठेवला नाही. अठ्ठावीस मिनिटं उभी होते तुझ्या स्वयंपाकघरात."

"मी पलीकडच्या खोलीत होतो! मला हाक का नाही मारलीस?"

"तू मीटिंगमध्ये होतास. आणि तुला हाक मारली असती, तर मामा वाचला असता, पण घर गेलं असतं."

मग बराच खालच्या आवाजात भाच्याने विचारलं, "तुला तिकडे इतकं वाईट वाटत होतं?"

"वाईट कशाला वाटेल? तू होतास ना. फक्त तू दिवसभर दार लावून आत." ताईने पदराशी चाळा करावा तसा पर्सच्या बंदाशी चाळा केला. "तुझं घर चांगलं आहे रे. कोणी आत शिरूच शकत नाही. महिन्यात बेल एकदा वाजली, तीही चुकून. कोणाचं तरी पार्सल होतं. मी त्या माणसाला म्हटलं, बस, पाणी पी. तर तो बिचारा घाबरून जिन्याने पळाला."

"रोज विचारायचो मी तुला. तू म्हणायचीस, छान आहे."

"तुला काय सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं. त्या चोरावर निदान ओरडता तरी आलं."

भाच्याने हवालदारांकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. हे घर सुरक्षित आहे का?"

हवालदारांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "नियमाने बोलायचं तर नाही. न्हाणीघराच्या खिडकीला आतून लोखंडी जाळी हवी. पुढच्या दाराला बघायला भोक हवं, साखळी हवी. पायपुसण्याखाली फक्त फरशी हवी. आणि ह्या गृहस्थांच्या हातात पट्टी आणि पेन देऊ नये."

"आणि नियम बाजूला ठेवून?"

"चोराला मारणारे बघितले, पकडून देणारे बघितले, त्याच्यासमोर बेशुद्ध पडणारे तर रोज बघितले. त्याला कामाला लावून आईची आठवण करून देणारी बाई पहिलीच. तो ह्या गल्लीत परत पाऊल टाकणार नाही. स्वतःची पँट न्यायलासुद्धा आला नाही, मी तीन दिवस नुसता तिच्यावर नजर ठेवून आहे."

"तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलोच.

"तुम्ही भिंतीवरून वेळापत्रक काढलंत, हे शिंपीणबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, तुम्ही आपणहून कधी बोलता ते बघावं."

"आणि मी दुहेरी शिवण घातलीय हो तिला!" शेजारच्या खिडकीतून शिंपीणबाईचा आवाज आला. म्हणजे मशीन मघापासून बंद होतं.

भाच्याने नळ उघडला. बंद केला. वाकून थोडा वेळ वाट बघितली. नळ गप्प होता. सरळ होऊन त्याने खिशातून ताईची किल्ली काढली. महिनाभर ती त्याच्याकडेच होती.

"जाळी उद्याच्या उद्या लागेल," तो म्हणाला. "साखळीही. मी दर महिन्याला येणार, आणि आलो की मीटिंग घेणार नाही."

"ये."

"मामा रोज दोनदा येईल."

"तो जातोच कुठे?"

"आणि काही झालं तर आधी मला हाक मारायची. घराचं नंतर बघू. घर तुझंच आहे, आई. तुला हवं तितके दिवस..." त्याने किल्ली तिच्या हातात ठेवून वरून तिची मूठ मिटली. हवालदार नकळत ताठ उभे राहिले. खिडकीत शिंपीणबाईने नाक ओढलं. मी रुमालासाठी खिसा चाचपला, तर तो चोर घेऊन गेला होता.

ताई किल्ली मुठीत धरून खुर्चीवर बसली. आमच्या सगळ्यांकडे तिने एकदा बघितलं, आणि दोन्ही पाय थोडेसे पुढे केले.

"ते सगळं नंतर बोलू रे. तू घेऊन दिलेले हे बूट आधी काढ बघू माझ्या पायातून. नाडीची गाठ बसलीय, आणि मला वाकता येत नाही."